तिळाएवढी सूसा

"ती चकचकीत डबीतली लेन्स घेऊ. दिसते तरी कशी!" मुअतझ म्हणाला.

"ती दिसून काय करायचंय? किडा दिसायला हवा," नवारा म्हणाली.

इजिप्तच्या वाळवंटातल्या बावीती गावच्या बाजारात, अम्म, म्हणजे काका, बिशारांच्या फोटो स्टुडिओत ही दोघं मावसभावंडं काचेच्या कपाटापुढे उभी होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी वाळवंटातल्या किड्यांचे फोटो काढायचे म्हणून नवाराने वर्षभर सातशे पौंड साठवले होते आणि सहामाही सुट्टीत ती बाबांचा जुना कॅमेरा घेऊन कैरोहून खालाकडे, म्हणजे मावशीकडे, आली होती. पण प्रदर्शन आता राहिलं बाजूला. आज दुपारी खालाची खजुरीची चार झाडं कापली जाणार होती.

घोळ एका शब्दाचा होता. मुअतझची आई, म्हणजे नवाराची इन्शिराह खाला, हिने शेतकी कचेरीत फोन करून सांगितलं होतं, "आमच्याकडे सूसा लागलीय, औषध द्या." आता पोखरणारा कुठलाही किडा म्हणजे सूसाच. गव्हात झाली तर सूसा, दात किडला तरी सूसा! खालाला म्हणायचं होतं कोठीतल्या खजुरांच्या पोत्याबद्दल. फोनवरच्या बाशमुहंदिसांना, म्हणजे शेतकी इंजिनिअरसाहेबांना, ऐकू आली ती झाड आतून पोखरणारी लाल सोंड्या सूसा. ती लागली की झाड कापून जाळायचं, असा नियमच आहे. साहेबांनी बागेत पाऊलही न टाकता हुकूम काढला, आणि त्यांची माणसं येऊन चारही बुंध्यांवर लाल फुल्या मारून गेली.

खाला कचेरीत जाऊन गयावया करून आली. साहेबांनी पुरावा मागितला. मुअतझने फोनवर किड्याचा फोटो काढून पाठवला, तर उत्तर आलं, "हा किडा आहे की तीळ?"

म्हणून ही धावपळ. अम्म बिशारांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. बारीक वस्तू जवळून टिपणारी खरी मॅक्रो लेन्स घ्यायची तर ती चार झाडं विकूनही भागायचं नाही, असं त्यांनी हसत सांगितलं. मग एकेक वस्तू काढली आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. मुअतझची चकचकीत भिंग-लेन्स बसवली, तर मधलं अक्षर मोठं दिसलं, पण कडेची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी पसरली. लेन्समागे बसवायच्या नळ्या चांगल्या होत्या, पण किंमत ऐकून नवाराने त्या हळूच परत ठेवल्या.

शेवटी अम्म बिशारांनी एक साधी धातूची कडी पुढे केली. तिची किंमत होती अडीचशे पौंड.

"हिने लेन्स उलटी बसते. माझी एक जुनी अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स पडून आहे, ती नेऊन वापर. काम झालं की आणून दे."

नवाराला ही थट्टाच वाटली. पण उलट्या लेन्समधून पाहिलं, तर छापील पूर्णविराम कलिंगडाएवढा! ती हरखून गेली.

"फोकसची चकती विसर," अम्म म्हणाले. "श्वास रोख आणि कॅमेराच केसभर पुढेमागे सरकव."

दोघं घरी पोचली तेव्हा करवतवाली दोन माणसं आणि स्वतः बाशमुहंदिस दारात हजर होते. पण खाला काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. पाहुणा उपाशी बागेत कसा जाईल, म्हणत तिने ताट मांडलं. फूल नावाची वालासारख्या दाण्यांची उसळ, ताज्या भाकऱ्या, चीज, लोणचं आणि वर चहा. नाही म्हणणं म्हणजे यजमानिणीचा अपमान, तेव्हा तिघंही निमूट बसले. मुअतझ कुणाचाही पेला रिकामा होऊ देईना.

इकडे कोठीमागच्या उन्हात नवारा घामाघूम झाली होती. किडा क्षणभर थांबेना. तिने त्याला डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला, तेव्हा कुठे स्वारी गपगार झाली. वाळल्या फूलच्या दाण्यांच्या पिशवीवर तिने कॅमेरा टेकवला आणि ऊन सौम्य व्हावं म्हणून दह्याचा रिकामा पांढरा डबा कापून आडवा धरला. पहिले चाळीस फोटो धुरकट आले. ही झाडं खालाच्या नवऱ्याने लावलेली, आणि तो जाऊन सहा वर्षं झाली होती. पुढच्या वेळी तिने इतका श्वास रोखला की कानात ठोके ऐकू आले, आणि फोटो लख्ख आला.

ती तशीच धावत बाहेर आली आणि साहेबांसमोर कॅमेरा धरला. पडदाभर चपटा तपकिरी किडा होता. मानेच्या दोन्ही बाजूंना करवतीसारखे सहा-सहा दात.

"बाशमुहंदिस, याला सोंड कुठे आहे?" तिने विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग फोटो गिझाच्या प्रयोगशाळेतल्या कीटकतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांचा तडक फोन आला. ही साठवणीच्या खजुरातली सूसा, झाडाच्या केसालाही धक्का लावत नाही, आणि इतका स्वच्छ फोटो कुणी काढला, असं त्या विचारत होत्या.

मग मात्र साहेबांना कोठी, पोतं आणि चारही बुंधे नीट तपासावे लागले. बुंध्यांवर एकही भोक सापडलं नाही. त्यांनी हुकुमावर काट मारून सही केली आणि खालाची माफी मागितली. जाता जाता हळूच नवाराला विचारलं, "ती कडी कुठे मिळते? कचेरीत एक असावी म्हणतो."

"अवश्य घ्या," खाला म्हणाली. "पण आधी बागेत येऊन बघत जा, त्याला काही पैसे पडत नाहीत."

करवतवाले खो खो हसले आणि साहेबही ओशाळून हसले.

ते गेल्यावर खाला पहिल्या झाडाला टेकून मटकन खाली बसली. सकाळपासून अडवलेलं रडू आता तिला आवरेना. तिने नवाराला जवळ ओढलं आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला.

"पोरी, आता ती लेन्स सुलटी बसव," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि या चौघी खजुरींचा शेंड्यापासून मुळापर्यंत एक फोटो काढ."