अंगठ्याखालचा कोपरा

"तुझी जागा रोखून धरलीय? कुणी?" ग्रंथपालबाईंच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

भाचीनं मोबाइल पुढे केला. उन्हाळ्याच्या सुटीतला ओपन सोर्स उपक्रम. सगळ्या जगाला खुले असलेले प्रोग्राम घरबसल्या सुधारायचे. भल्याभल्या कॉलेजवाल्यांना मागे टाकून हिची निवड झाली होती. शाळेत असलात तरी चालेल, वय मात्र अठरा पूर्ण हवं, असा नियम. आजारपणात एक वर्ष बुडालेली भाची शाळेत असूनही अठराची होती.

आता उपक्रमाच्या जाहीर पानावर निनावी तक्रार आली होती: मुलगी सतराचीच आहे. सोबत शाळेच्या ओळखपत्राचा फोटो, जन्मसाल एकानं पुढचं.

"जन्मदाखला पाठवला गं मी, माझं नवं कार्डही. तर म्हणे, दोन कार्डं, दोन सालं, खरं कुठलं? आज पाचपर्यंत खुलासा नाही आला तर जागा दुसऱ्याला." भाचीचा आवाज चिरकला. "मावशी, त्याला सोडायचं नाही हं."

"सोडते की काय," बाई म्हणाल्या. त्यांचं डोकं आधीच तापलं होतं.

त्यांनी फोटो मोठा केला. धरणाऱ्याचा अंगठा कार्डाच्या उजव्या कोपऱ्यावर पुरता आडवा पडला होता. कार्ड असं कोण धरतं?

त्या तडक शाळेच्या ऑफिसात गेल्या.

"चुकीच्या छापल्या गेलेल्या कार्डांचं काय करता हो?"

"कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवतो. त्या कपाटात असतात," कारकून म्हणाला.

"किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक संगणकाच्या सरांकडे. कार्डं तेच छापतात ना."

"माझ्या भाचीच्या कार्डाचा फोटो कुणी काढला असेल?"

"तिच्या आईनंच काढला असेल, कुठल्यातरी फॉर्मसाठी." कारकुनानं पुन्हा रजिस्टरात डोकं खुपसलं.

संगणकाच्या खोलीत सर एकटेच होते. गेल्या महिन्यात त्यांच्या हजेरीच्या प्रोग्राममधल्या चुका भाचीनं भर वर्गात पडद्यावर दाखवल्या होत्या. पोरं पोट धरून हसली होती.

"सर, भाचीच्या ओळखपत्राचा फोटो कुणीतरी उपक्रमवाल्यांना पाठवलाय."

"असं? पण भोक पाडलेलं कार्ड कोण खरं मानेल, बाई?"

"मी फक्त ओळखपत्र म्हणाले," बाई खुर्ची ओढून बसल्या. "भोक फोटोत दिसतच नाही. अंगठ्याखाली आहे ते. तिचं पहिलं कार्ड चुकलं, रद्द झालं, कपाटात गेलं. किल्ल्या दोनच. कारकुनाला विचारलं, तर तो आईचं नाव घेऊन मोकळा झाला. कुठलं कार्ड, हे त्याच्या गावीही नव्हतं. भोक आहे हे माहीत कुणाला? ज्यानं ते झाकलं त्याला."

सरांचा चेहरा पडला. "पोरीनं चारचौघांत माझी लाज काढली होती, बाई."

"म्हणून तिची जागा खाणार तुम्ही? लिहा. त्याच पानावर, स्वतःच्या नावानं. तिथं नंतर केलेली खोडाखोडसुद्धा जगाला दिसते म्हणे. फार बरं आहे ते."

सर लिहू लागले. 'माझ्याकडून गैरसमजातून रद्द कार्डाचा फोटो पाठवला गेला...'

मावशीच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिलेली भाची पुढे आली. तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला, 'गैरसमजातून' खोडलं आणि 'सूडापोटी' लिहिलं.

"आता पाठवा, सर."