आई मृत

दार उघडलं आणि आलुबुखाराचा पाक ढवळणारी पळी विदोसावाच्या हातात तशीच राहिली… उंबऱ्यावर मेवलिदा उभी होती! तिची सून… नऊ वर्षांनी!

"ये पोरी, आत ये ना…"

"बसायला नाही आले मी." मेवलिदा चौकटीकडे बघत म्हणाली, "तुमचं रक्त हवंय."

विदोसावाला वाटलं, सूडच मागायला आली ही! नऊ वर्षांपूर्वी, युद्धात, विदोसावाच्याच ख्रिस्ती धर्माचे, तिच्याच भाषेत शिव्या देणारे सैनिक तिच्या मुसलमान नवऱ्याला, रिफातला, आणि एकुलत्या एका मुलाला, नेजादला, ट्रकमध्ये घालून घेऊन गेले होते. "तुमच्या लोकांनी नेलं त्यांना!" असा आक्रोश करत मेवलिदा चाळीस दिवसांच्या लेकीला, अल्माला, छातीशी धरून माहेरी गेली, ती आज दिसत होती.

"हाडं सापडलीत. नेजादचीच असावीत म्हणतात. ओळख पटवायला अल्माचं रक्त दिलं, पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच्या आईचं लागतं."

"अगं, पण तुमच्या वस्तीतल्या झुमराच्या मुलाचं तर दोन वर्षांपूर्वीच जुळलं! मला कुणी बोलावलं नाही, म्हणून मी समजले, माझ्या बाळाचं काहीच उरलं नसेल…"

मेवलिदा एका दमात बोलून गेली. "दोन वर्षांपूर्वी, बेपत्तांच्या फॉर्मवर मी 'आई मृत' असं लिहिलं होतं."

चुलीवरचा पाक करपायला लागला होता.

"सगळ्या बायका शेजारी बसून लिहीत होत्या हो! तिथे विदोसावा असं ख्रिस्ती नाव लिहिलं असतं, तर नेजाद त्यांच्यासाठी हुतात्मा उरला असता का? अर्धा त्या सैनिकांचाच होता म्हणाल्या असत्या… आणि माझ्या अल्माला काय म्हणाल्या असत्या?"

दोन वर्षं! दोन वर्षं तिचा लेक कुठल्याशा थंड गोदामात, पिशवीवरच्या एका आकड्याच्या नावाने पडून होता आणि इथे, तासाभराच्या वाटेवर, त्याची आई जिवंत होती! हे तेच घर, जिथे ईस्टरची लाल अंडी आणि ईदचा बक्लावा एकाच ताटात असायचा आणि रिफात मिशीत हसत म्हणायचा, "सण दुप्पट, गोडधोड दुप्पट! कोण म्हणतं मी तोट्यात गेलो?" कुठे गेलं ते ताट… एकाच विहिरीचं पाणी प्यालेल्या माणसांना एका रात्रीत वेगळी मुळं कुठून फुटली!

विदोसावानं कोट घातला. "चल," एवढंच म्हणाली.

कार्यालयातल्या बाकावर मेवलिदाच्या वस्तीतल्याच बायका बसल्या होत्या. कारकून मुलीनं कागद पाहिला आणि गोंधळून मोठ्यानं म्हणाली, "इथे तर आई मृत लिहिलंय. मग तुम्ही कोण?"

बाकावरची कुजबुज थांबली. मेवलिदाचा चेहरा पांढराफटक पडला. विदोसावानं तिच्याकडे एकदाच पाहिलं… याच बायकांच्या शेजारी तिला राहायचं होतं, अल्माला वाढवायचं होतं!

"मी त्याची आई. तसं लिहायला मीच सांगितलं होतं हिला," ती म्हणाली. "मला माझ्या लोकांत तोंड दाखवायचं होतं. मुसलमान मुलाची आई म्हणवून घ्यायची… लाज वाटली."

"ऐकलंत गं?" नवऱ्याच्या तपासासाठी आलेली झुमरा कडाडली. "पोटच्या पोराची लाज! शेवटी दाखवलीच जात!"

विदोसावानं मान खाली घालून बोट पुढे केलं. सुई टोचली. कागदावर रक्ताचे चार थेंब उतरले… अल्मा यायच्या आधी चौघांचं कुटुंब होतं ना तिचं!

रक्त जुळलं. वसंतात नेजादचं दफन झालं. रिफातचा मात्र अजून पत्ताच नव्हता. चोवीस वर्षांचा धट्टाकट्टा पोर आणि पेटी इतकी हलकी, की पुरुषांच्या हातांवरून ती जणू वाहतच गेली. रीतीप्रमाणे बायका लांब, कुंपणाच्या आत थांबल्या होत्या. विदोसावा कुंपणाबाहेर, काळा रुमाल कपाळापर्यंत ओढून उभी होती. कबरीवरच्या फळीवर लिहिलं होतं: नेजाद, रिफातचा मुलगा. आईचं नाव तिथे नव्हतं. तशी रीतच नव्हती.

"बाहेर का उभी आहे ती?" अल्मानं विचारलं. "कोण आहे?"

"लाज वाटते ना तिला, म्हणून!" झुमरा फणकारली.

मेवलिदाच्या घशातून हुंदका फुटला. "खोटं आहे! 'मृत' मी लिहिलं… मी! माझ्यासाठी तिनं स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं आणि मी सहा महिने गप्प बसले!"

ती धावत फाटकाबाहेर गेली, विदोसावाचा हात धरून तिला आत घेऊन आली. "आई… आई, मला क्षमा करा हो!"

बायकांची रांग एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. झुमरानं पाठ फिरवली. मोकळ्या पडलेल्या जागेत त्या दोघी आणि एक मुलगी, एवढंच उरलं.

"मूर्ख गं मूर्ख!" विदोसावा मेवलिदाच्या केसांत तोंड खुपसून रडत होती. "एवढं झाकून ठेवलं होतं मी! आता तुलाही कुणी नाही उरलं…"

पलीकडे पुरुषांनी प्रार्थनेसाठी तळवे उघडले. अल्मानं आईचे उघडे तळवे पाहिले, मग अनोळखी आजीची, क्रुसाच्या खुणेसाठी छातीशी जुळलेली तीन बोटं पाहिली. तिनं आपले हात वर उचलले, ते कसे धरायचे ते तिला कळेना आणि ते तसेच अधांतरी राहिले…

फावड्यानं पहिली माती पडली.