पोकळ चकत्या

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण हे घडलंय, माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या घरात. त्याच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी.

भाऊ कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर होता. त्याचा मुलगा वजनं उचलायचा. सगळे त्याला पैलवान म्हणत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दांडा, लोखंडी चकत्या आणि भिंतीवर कोळशाच्या रेघा. वजन वाढलं की एक रेघ वर.

एकदा रेघ अडकली.

महिने गेले. पोरगा धड जेवेना, बोलेना.

मग भावानं एक उद्योग केला. चकत्या गुपचूप लेथवर चढवल्या, मागून कोरल्या, पोकळीवर पत्रा बसवून रंग मारला. वरचा आकडा तोच. आतलं वजन कमी.

रेघ चढली. पुन्हा अडकली की बाप पुन्हा कोरायचा. पोरगा खूश, बापही खूश.

लग्नात बहिणीची पेटी टेम्पोत चढवायची होती. पैलवानाला ती हलेना.

"काय पैलवान, नुसताच फुगा का?" जावयाचा भाऊ हसला.

पोरानं बापाकडे पाहिलं.

"जेवण अंगावर आलं असेल त्याच्या," बाप म्हणाला.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्यानं नाही सांगितलं.

पुढे स्पर्धा आली. पोरानं घरचाच आकडा सांगितला. तिथलं लोखंड खरं होतं. दांडा कसाबसा डोक्यावर गेला... हात दुमडले... दांडा मानेवर आला.

पोरगा तिथंच गेला. घर सुन्न झालं. आणि एका भर दुपारी मागच्या खोलीतून आवाज आला...

खण्ण.

दांड्यात चकती सरकवल्याचा.

भाऊ धावला. आत कुणी नाही. त्यानं सवयीनं चकतीवर बोट वाजवलं. पोकळ आवाज यायला हवा होता...

आला नाही.

पत्रा उचकटला. आत भरीव लोखंड.

त्या दिवशी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"तुम्ही काढलेलं तो परत भरतोय," ती म्हणाली. "भरू दे त्याला."

भावानं भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं एक चकती काट्यावर ठेवली, पुन्हा ठेवली.

"तात्या, वर वीस लिहिलंय. काटा तीसच्या पुढे चाललाय."

"काटा बिघडलाय तुझा."

"सकाळीच तपासलाय, तात्या." माणसं घेऊन येतो म्हणून तो गेला. परत फिरकला नाही.

आवाज मात्र रोज यायचा. खण्ण... खण्ण... बायको कान देऊन ऐकत बसायची. उठायची नाही.

एके दिवशी आवाज थांबला.

भाऊ त्या खोलीत उताणा सापडला. छातीवर एकच चकती. वीसची. ती काढायला चौघं लागलो. त्या चौघांत मी होतो. आजही पाण्याचा तांब्या उचलताना मधेच हात जड होतो...

चकत्या तिथंच आहेत. कुणाला हलल्या नाहीत.

मुलगा गेला बहिणीच्या लग्नानंतर महिन्याभरात. बाप गेला, बहीण बाळंत झाली त्या दुपारी. तिकडे तिचे दिवस भरत होते, इकडे चकत्या.