विस्तवाजवळचा माणूस

बेतंचर्ला स्टेशनासमोरच्या गाड्यावर चुरमुऱ्यांची उग्गाणी आणि मिरचीची भजी खाल्ल्याशिवाय मद्दिलेटी मोटरसायकलला हात लावत नसे. त्या सकाळीही त्याने दोन प्लेटी संपवल्या, वर चहा घेतला आणि विडी पेटवून म्हणाला, "चला अक्का. तुमच्या वटवाघळांची खुशाली विचारून येऊ."

मी नंद्यालच्या कॉलेजात भूगोल शिकवते. सुट्टी लागली की इथल्या डोंगरांतल्या चुनखडीच्या गुहा मोजते. मद्दिलेटी फरशीच्या खाणीत दगड कापायचं मशीन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या टेपचं दुसरं टोक धरायला यायचा. झोपेचा भारी शौकीन माणूस. मी आकडे लिहून घेईपर्यंत दगडाला टेकून घोरायला लागायचा. निघताना त्याची बायको सुंकम्मा मला म्हणाली होती, "हेमक्का, याला तिथंच ठेवून आलात तरी चालेल. घरात नुसता लोळत असतो."

कोतिगवी नावाच्या गुहेत आम्ही आधी अनेकदा गेलो होतो. गुहेच्या शेवटी सरपटत जाण्याजोगी एक चीर आहे. ती थोड्या अंतरावर बंद होते, माझ्या नकाशात तिथे जाड रेघ आहे. त्या दिवशी त्या चिरेतून वारा येत होता. गार वारा, आणि त्याला ओल्या कातड्याचा वास.

"खाणवाल्यांनी पलीकडून सुरुंग लावला असेल," मद्दिलेटी म्हणाला.

मलाही तेच वाटलं. आम्ही आत शिरलो. जाड रेघेची जागा मागे पडली तरी वाट संपली नाही. मग उजेड दिसला.

आम्ही एका मोठ्या, समोरून उघड्या कपारीत बाहेर पडलो. तिथे माणसं बसली होती. बायका, पुरुष, पोरं, अंगावर कातडी. सगळ्यांच्या मधोमध राखेचा मोठा ढीग होता आणि प्रत्येकाचं तोंड त्या राखेकडे होतं. कोणी बोलत नव्हतं. एक बाई कच्चं मांस चावून चावून पोराच्या तोंडात घालत होती. पोराचे ओठ निळे पडले होते.

"परमुलखातली लेबर असेल ही," मद्दिलेटी माझ्या कानाशी पुटपुटला. "ठेकेदारानं पैसे न देता सोडून दिलेली दिसते."

मी समोर बघत होते. पलीकडच्या डोंगराची तीन दातांची कड माझ्या ओळखीची होती, स्टेशनातून ती रोज दिसते. पण तिच्या पायथ्याशी स्टेशन नव्हतं. खाणी नव्हत्या, रस्ता नव्हता. दाट रान होतं, रुंद पाणी होतं, आणि पाण्यात उभी असलेली जनावरं मी फक्त पुस्तकांतल्या चित्रांत पाहिली होती.

मद्दिलेटीनेही ते पाहिलं. घाबरला की त्याचा हात खिशात जायचा. त्याने विडी तोंडात धरली आणि काडी ओढली.

सगळे एकदम उठले.

त्यांनी मद्दिलेटीला धरलं, पण आडदांडपणे नाही. काठोकाठ भरलेली घागर उचलावी तसं. त्याला राखेपाशी नेऊन बसवलं. वाळकी लाकडं बाजूला रचून तयारच होती. एक म्हातारी रांगत त्याच्यापर्यंत आली. तिचे डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तिने त्याच्या मुठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अग्गिपेट्टे."

आमच्या तेलुगूत काडेपेटीला अग्गिपेट्टे म्हणतात.

"ही आपल्यातली आहे, अक्का," मद्दिलेटी म्हणाला. मी म्हातारीचा दंड पाहिला. त्यावर देवीच्या लसीचे दोन गोल व्रण होते. माझ्या आईच्या दंडावर अगदी तसेच आहेत. मी तिला तिचं गाव विचारलं, नाव विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मद्दिलेटीने लाकडं पेटवली. कोणी ओरडलं नाही, हसलं नाही. ते फक्त जवळ सरकून बसले. म्हातारी तिथेच आडवी झाली आणि झोपली. इतकी गाढ झोप मी कोणाची पाहिलेली नाही. थोड्या वेळाने दोघांनी तिला उचलून बाहेर नेलं. ते रिकाम्या हातांनी परत आले.

त्यानंतरच्या दिवसांचा हिशेब माझ्यापाशी नाही. मद्दिलेटीचा पाय त्यांनी चामड्याच्या वादीने दगडाला बांधला होता. मारहाण कधीच नाही. नळीतला मगज पहिल्यांदा त्याला मिळायचा, मग पोरांना. पण विस्तवात लाकूड घालायचं ते त्यानेच. त्याचे डोळे मिटले की कोणीतरी तोंडात गार पाणी घेऊन यायचं आणि त्याच्या पापण्यांवर सावकाश सोडायचं. रागाने नाही. आपण घरातल्या झाडाला पाणी घालतो तसं.

"अक्का, मला जरा झोपू देत म्हणावं," तो सारखा म्हणायचा. "तासभर. तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा ना त्यांना."

मी प्रयत्न केला. जळतं लाकूड एका धडधाकट पुरुषापुढे धरलं. त्याने दोन्ही हात काखेत दडवले आणि मान फिरवली. बायकांना दिलं, पोरांना दिलं. सगळ्यांचे हात काखेत गेले. मी लाकूड घालायला पुढे झाले तर मला अलगद बाजूला सारलं. ज्याने पेटवलं त्यानेच राखायचं. याशिवाय त्यांचा नियम मला कळला नाही.

मला कोणी बांधलं नव्हतं. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी चिरेतून परत गेले. टॉर्च केव्हाच मेला होता, म्हणून चाचपडत गेले. माझ्या नकाशातल्या जाड रेघेच्या जागी हाताला दगड लागला. दोन्ही तळव्यांनी तो दगड मी कोपऱ्या-कोपऱ्यांतून तपासला. सलग होता.

पण विस्तवाचा धूर त्याच चिरेत वळत होता. रोज, न थांबता. चीर बंद असती तर धूर तुंबून कपारीत परतला असता. तो परतत नव्हता. मी तो कितीतरी वेळ बघत बसायचे.

दरम्यान मद्दिलेटीने बोलणं सोडलं. त्याचे डोळे म्हातारीच्या डोळ्यांसारखे दिसायला लागले. एका सकाळी मी त्याला हाक मारली तर त्याने आधी विस्तवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. परवानगी घेतल्यासारखं.

त्याच दुपारी मी विस्तवातली सगळ्यात लांब फांदी ओढून काढली आणि उरलेल्या विस्तवावर त्यांच्या चामडी पखालीतलं पाणी ओतलं.

कपार वाफेने भरली. मी फांदी घेऊन चिरेकडे पळाले. मला वाटलं होतं तेच झालं. त्यांनी मला अडवलं नाही. विस्तव जाईल तिकडे त्यांना जायचं होतं, आणि विस्तवाबरोबर तो राखणारा हवा होता. त्यांनी वादी कापली आणि मद्दिलेटीला माझ्या मागोमाग आत घातलं.

चिरेत माझ्यामागे मद्दिलेटी, त्याच्यामागे ते सगळे.

कोणी ओरडत नव्हतं. फक्त श्वास, आणि गुडघे घासल्याचा आवाज.

जाड रेघेची जागा आली. फांदीच्या उजेडात तिथे दगड नव्हता.

वाट रुंद झाली. आग माझ्या बोटांपर्यंत आली होती. मी मद्दिलेटीला पुढे ओढलं आणि फांदी मागे टाकली.

ते थांबले. फांदीभोवती बसले.

मी मागे वळून बघायला नको होतं. त्यांच्या हातांशी वाळक्या काटक्या पडल्या होत्या. वटवाघळांच्या कोरड्या लेंड्यांचा थर होता. एक काटकी सरकवली असती तरी पुरे होतं. सगळ्यांचे हात काखेत. ते तोंडं अर्धवट उघडी ठेवून, पोरांना पुढे घेऊन, फांदी लहान होताना बघत राहिले.

मग अंधार झाला.

"विझला, अक्का," मद्दिलेटी म्हणाला आणि मागे वळला.

मी त्याची दाढी मुठीत धरून त्याला बाहेर ओढलं.

बाहेर ऊन होतं. खाणीतलं मशीन ओरडत होतं. मोटरसायकलच्या सायलेन्सरला हात लागला तर अजून चटका बसत होता. सकाळी घोटून दाढी केलेल्या मद्दिलेटीची दाढी छातीवर आली होती. सुंकम्माने ती बघितली आणि तोंडावर पदर धरला, पण काहीच विचारलं नाही. तिने न विचारल्याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

पुढे कॉलेज सुरू झालं. मी कोतिगवीचा नकाशा फाडून टाकला. महिनाभराने मद्दिलेटीची विचारपूस करायला बेतंचर्लाला गेले.

दुपारची वेळ होती. मद्दिलेटीच्या अंगणात गल्लीतली माणसं बसली होती. ओळखीची होती. टेलर, अंगणवाडीतली बाई, स्टेशनातला हमाल. मला बघून कोणी उठलं नाही. मद्दिलेटी आत चुलीपुढे होता. मी हाक मारली. त्याने लाकूड सारलं.

"झोपतो का गं?" मी सुंकम्माला विचारलं.

"झोपून कसं चालेल?" सुंकम्मा सहज म्हणाली. "एवढ्या घरांचा स्वयंपाक खोळंबेल, हेमक्का."

"म्हणजे?"

"सगळे विस्तव इथूनच नेतात हल्ली. म्हणजे मागतात, आणि हा प्रत्येकाच्या घरी जाऊन चूल पेटवून देतो. आम्ही असतो ना बरोबर, त्याला धरून."

"अगं, समोर दुकान आहे. तिथे काडेपेटी मिळते."

सुंकम्मा हसली. मी काहीतरी लहान मुलासारखं बोलले असेन तशी. अंगणातलंही कोणीतरी हसलं.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्हीही होतात ना तिथं? तुमच्याकडे कोण पेटवतं?"

"माझं मी," मी म्हणाले. ते म्हणायला नको होतं. अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अंगणवाडीतली बाई अदबीने म्हणाली, "घर नंद्यालला कुठं तुमचं, अक्का?"

मी भलत्याच गल्लीचं नाव सांगितलं आणि मिळाली ती बस धरली.

घरी पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं. शेजारची पार्वतम्मा माझ्या पायरीवर बसली होती. तिच्याकडे गॅस आहे, लायटर आहे, कॉलेजात जाणारा मुलगा आहे.

"आलात?" ती म्हणाली. "केव्हाची बसलेय. सकाळपासून पोरगा उपाशी आहे बघा."

मी कुलूप काढलं. ती माझ्यामागोमाग आत आली, आणि दाराला आतून कडी घालून तिने माझा दंड धरला, अगदी हलक्या हाताने.