रिळावरचे वेढे

"दोरी कापलीय, मालिनीमावशी. आणि नाव राजचं घेतायत."

वल्लरी दारातच धापा टाकत होती. खासगी तपासाची कामं घेणाऱ्या मालिनीने कडेवरची लेक सासूबाईंकडे दिली, तिच्या मुठीतून आपला पदर हळूच सोडवला आणि दिराला, वेणीमाधवला, स्कूटर काढायला सांगितलं.

कॉलेजच्या वर्कशॉपबाहेर राजची आई, नवसाबाई, फुलांची रिकामी पाटी घेऊन बसली होती. पुण्याच्या रोबो स्पर्धेला बस चारला सुटणार होती. सरांनी राजला संघातून काढलं होतं.

आत टेबलावर चेंडूला लाथ मारणारा रोबो होता. मोटर रीळ फिरवते, रिळावर दोरी गुंडाळत जाते, पाय मागे ओढला जातो, स्प्रिंग ताणते. आता पाय पुढे लोंबत होता. दोरीचा तुकडा त्याला, बाकीची रिळावर गच्च, वेढ्यावर वेढे.

"काल कशी ठेवली होतीस?" मालिनीने विचारलं.

"पूर्ण सोडून. ताणून ठेवली तर स्प्रिंग मरते," राज म्हणाला. "वल्लरी बघत होती. मग तिच्याच स्कूटीवरून आम्ही निघालो. धवल मागे थांबला."

"पण पहाटे फुलं उतरवून हा एकटाच इथे आला," धवल म्हणाला. वायरिंग आणि रिमोट त्याच्याकडे. "किल्ली चौकटीवर असते. याच्या पिशवीत विळा सापडला. रिमोट मला दिला म्हणून याचं तोंड फुगलंच होतं."

"फुगलं होतं," राज म्हणाला. "म्हणून मी कापीन? तो पाय मी घडवलाय!"

मालिनीने रीळ हाताने फिरवून पाहिलं. ढिम्म.

"गिअर आहेत मावशी, मोटरशिवाय हलत नाही," वल्लरी म्हणाली.

"आणि बॅटरी?"

"रोज चार्जिंगला घरी नेतो," धवल म्हणाला. "कालही नेली. आत्ता आणली."

मालिनी रिमोटवर वाकली. एका बटणाखालच्या वायरीला नवी कोरी काळी चिकटपट्टी होती.

पंखा बंद होता. वेणीमाधव घामाने निथळत होता. "वहिनी, विळाच तो. सरळ आहे."

"भावजी, तुम्हाला एवढं उकडतंय. धवलला का नाही? बाह्या मनगटापर्यंत बंद."

धवलने हात मागे घेतला.

"राज गेला तेव्हा दोरी सैल होती," मालिनी सावकाश म्हणाली. "आता रीळ भरलेलं आहे. म्हणजे नंतर कुणीतरी मोटर चालवली आणि ताणलेलीच दोरी कापली. पहाटे राजकडे विळा होता, पण बॅटरी कुठे होती? तुझ्या घरी. रीळ भरलं ते बॅटरी इथे असताना. तेव्हा इथे तू एकटा होतास."

तिने रिमोट उचलून त्याच्यासमोर धरला.

"ही चिकटपट्टी रीळ उलटं फिरवायच्या बटणाखाली आहे ना? काल ते चाललं नाही. पाय ताणलेला, दोरी सुटेना."

"सर येणार होते," धवलचा आवाज फुटला. "माझी वायर निसटली होती. त्यांनी बघितलं असतं तर... घाबरून कापली. राजचं नाव मी घेतलं नव्हतं, मॅडम. सगळ्यांनीच घेतलं."

"आणि तू घेऊ दिलंस."

राज त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. वल्लरी सरांना बोलवायला धावली.

धवल दाराशी गेला. नवसाबाईसमोर मान वर होईना. "काकू, दोरी मी कापली. राजने नाही."

तिने त्याचा हात ओढला, बाही वर सारली. मनगटावर लालभडक वळ.

"तुटताना बसली व्हय? लय ठणकत आसंल," ती म्हणाली. मग हात सोडला. "माझ्या पोराला कुटं लागलंय, ते बी बघून ये."