अप्पांच्या छातीतला मागचा ठोका

यातलं एक अक्षर खोटं नाही. स्वतःच्या बापाच्या जिवावर गोष्टी रचायला मी काही बिनकामाची बसलेली नाही.

यंदाचा फेब्रुवारी. मंगळवार, दुपारचे बारा. सोलापूरचा एक दवाखाना.

आम्ही सास्तूरचे, लिंगायत. अप्पा म्हणजे माझे वडील, महालिंगप्पा. दिवाळीत त्यांच्या छातीत दुखलं. "गॅस हाय," म्हणत सोडा पीत बसले. दुसऱ्या दिवशी कळलं, अटॅक होता. हृदयाचा एक तुकडा मेला. मग हृदय फुगत गेलं.

दोन पावलं चालले की धाप.

त्या दिवशी इको होती, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत. आमच्यात ते अंगावेगळं करत नाहीत. ज्याचं त्यानंच घालायचं, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर मातीत जातं.

"खाली ठिवू नगंस. मुठीत धर," तपासणीपुरती डबी काढून देताना अप्पा म्हणाले.

धरलं.

डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून सांगत होते, "ताई, ही मधली भिंत आधी आकसते. डावीकडची मागून. दोन्ही एकदम आवळायला हव्यात, तरच रक्त पुढं जातं."

मी बघत होते. मधली हलली... मग डावी.

आणि डावी हलली की...

माझ्या मुठीत टक्.

वाटलं, माझीच नाडी असेल. मूठ उघडली. डबी तळहातावर नुसती ठेवली.

मधली... डावी... टक्.

डबी उलटी केली. बुडाला पोचा होता, पाट्यावर पडून आलेला. तो अप्पांच्या डबीला नव्हताच. अव्वाच्या डबीला होता.

अव्वा म्हणजे माझी आई, शरणम्मा. चार वर्षांपूर्वी गेली. रुद्रभूमीत तिला बसवून पुरलं, तेव्हा डबी मीच स्वामींच्या हाती दिली होती.

मग ही इथं कशी?

घरी आलो. चार वाजले होते. लाइट गेलेली, पंखा बंद, गल्लीत चिटपाखरू नाही.

"अप्पा, माझ्याकडून लई मोठी चूक झाली. अव्वासंगं तुमचं लिंग गेलं."

अप्पांनी मान वरसुद्धा केली नाही.

"तू कुठं चुकलीस? म्याच बदलून ठिवलं हुतं. तिला एकटीला धाडायचं जिवावर आलं."

मी विषयच बदलला.

"डॉक्टर छातीत मशीन बसवा म्हणतात. दोन्ही बाजूंना एकदम ठोका देतं."

"नगं. मग तुजी अव्वा मागं राहील की गं."

मी चिडले. रडलेही. "गेलेल्या माणसाची लई काळजी हाय तुम्हाला! आणि मी? मी कुणाकडं बघू?"

अप्पांनी डबीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बसवून टाक म्हणावं."

मार्चमध्ये मशीन बसलं. महिन्याभरात अप्पा पारापर्यंत फिरून यायला लागले. मी गल्लीत पेढे वाटले.

परवा तपासणी होती. डॉक्टर पडद्याकडं बघतच राहिले.

"मशीन बरोबर चाललंय. पण डावी बाजू त्याचं ऐकत नाही."

"परत मागं पडतेय का?"

"नाही. आता ती आधी हलते... मशीनच्याही आधी. असं मी कधी बघितलं नाही."

काल दुपारी मी भाकरी थापत होते. अप्पा दारात उभे दिसले. नवं धोतर, पायात वहाणा.

"कुठं निघालात?"

"अव्वा फुडं गेली. थांब म्हणलं तर ऐकंना."

रस्त्यावर कुणी नव्हतं. हाताला धरून आत आणलं, कडी लावली.

आत्ता अप्पा खाटेवर झोपलेत. डबी छातीवर आहे. काढून टाकावी असं शंभरदा वाटतं. पण त्यांची डावी बाजू त्याच ठोक्यावर चालत असेल... आणि काढल्यावर थांबलीच तर?

दोनदा हात पुढं नेला. दोनदा मागं घेतला.

खिडक्या बंद आहेत. वारा नाही.

तरी डबी छातीवरून सरकलीय... दाराच्या बाजूला. गळ्यातला दोरा ताणलाय.

मी एका हातानं हे लिहितेय. दुसऱ्या हातानं अप्पांना घट्ट धरून बसलेय.