शेअर्डचा रकाना

यात एक अक्षरही पदरचं नाही. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या.

रविवारची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. ज्या बाईचा तो होता, ती जाऊन वर्ष होत आलं होतं. नवऱ्याने तो एकदाही बंद केला नव्हता; वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालू ठेवला होता.

तो बंद करून न्यायला तिचा धाकटा भाऊ आला होता. घरात सगळे त्याला 'विद्वान' म्हणत. कौतुकाने नव्हे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून त्याला उरलेलं जग अडाणी वाटायचं. बहिणीच्या आजारपणात एकदाच दवाखान्यात आला, तोही डॉक्टरांना शिकवायला.

भावोजींनी एवढंच सांगितलं, की ताईचं शेवटचं काम आत आहे. ती लोकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायची. बोलणी खासगी असायची. म्हणून अर्धवट काम ती डिस्कवर उतरवायचीच नाही, नुसतं मेमरीत ठेवायची. शेवटचं पुरं झालं नव्हतं. वीज तुटली की ते जाणार.

विद्वान हसला. "भावोजी, तुम्हाला यातलं काय कळतंय? थांबा, दाखवतो."

तो तिच्याच खुर्चीत बसला. पडद्यावर कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत त्याने free -h टाइप केलं. मेमरी किती वापरात, किती मोकळी, सगळं समोर आलं. 'शेअर्ड'च्या रकान्यात बराच मोठा आकडा होता. मेमरीत ठेवलेल्या फाइली तिथेच मोजतात.

दुकानदाराला हे ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं.

त्याने पुन्हा तीच कमांड दिली.

आकडा… वाढला होता.

काय चालू आहे ते पाहिलं. विशेष काहीच नव्हतं. जे होतं तेही त्याने बंद केलं. पुन्हा पाहिलं.

अजून वाढला…

खालच्या रस्त्याचा आवाज येईनासा झाला होता.

"मशीन खराब आहे," म्हणत त्याने वायर उपटली. भावोजी "अरे" म्हणेपर्यंत पडदा काळा झाला.

"झालं. आता मेमरीत काही उरत नाही. डोळे पुसा."

तो मशीन काखेत मारून गेला.

दुकानात त्याने जुन्या मेमरीच्या पट्ट्या काढून कचऱ्यात टाकल्या. नव्या बसवल्या. मशीन सुरू केलं. कमांड दिली.

शेअर्डच्या रकान्यात… दुपारचाच आकडा.

मग त्याहून मोठा.

संध्याकाळी भावोजींचा फोन वाजला. विद्वानाचा आवाज खाली आला होता. "भावोजी, हे घेऊन जा. आत्ता. आणि तुम्ही ताईला काहीतरी सांगा."

"मी काय सांगू? मला यातलं काय कळतंय?"

मशीन परत टेबलावर आलं. भावोजी ती एक कमांड शिकले. रोज सकाळी देतात. आधी त्यांना बरं वाटायचं, की तिचं काम पुरं होतंय. पण इतकं लांब काम तिने कधीच घेतलं नव्हतं. आकडा वाढतोच आहे. मोकळी मेमरी संपत आली आहे.

विद्वान आता तिकडे फिरकत नाही. फोनवर मात्र त्याने एक गोष्ट सांगितली, आणि जन्मात एकदा ती बरोबर होती. मेमरी पुरती भरली, की जागा करायला मशीन चालू असलेल्या प्रोग्रामांपैकी कुणाला तरी आपणहून संपवतं.

कुणाला… ते आधी सांगत नाही.